मुंग्या पाळणाऱ्यांच्या दारात

माझ्या आजाराचं नाव घेतलं की लोक आवाज खाली आणतात. म्हणून ते सुरुवातीलाच सांगून टाकते. रक्ताचा कर्करोग. उपचार संपून काही महिने झालेत. पुन्हा होणार नाही असं डॉक्टरांनी म्हटलेलं नाही आणि मीही विचारत नाही.

ज्यांच्या घरी हा आजार नुकताच आलाय त्यांना औषधांची माहिती दवाखान्यात मिळेल. मला लिहायचंय ते दाराबद्दल. आमच्या भागात आजाऱ्याच्या खोलीचं दार बंद ठेवणं हे उपचारांपेक्षा अवघड काम आहे. ते मला ज्यांच्यामुळे जमलं त्यांच्यापैकी एकाचंही तोंड मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. ती माणसं मुंग्या पाळतात.

*

निपाणीत आमचा चटणी कांडायचा डंक आहे. सासऱ्यांनी सुरू केला, पुढे मी चालवला. आमचे हे तंबाखूच्या वखारीत कामाला, त्यामुळे डंकाचं सगळं माझ्याकडे. उन्हाळ्यात दारासमोर मिरचीच्या पिशव्या आणि डब्यांची रांग लागते. भाजलेला मसाला, कांदा, लसूण, खोबरं घेऊन बायका बसून राहतात. ठसका आणि शिंका यांची आम्हाला इतकी सवय की त्या हंगामात मला दम लागायला लागला तेव्हा मी मिरचीला दोष दिला. नडगीवर जांभळे डाग दिसले, तेव्हा डबा लागला असेल म्हटलं. दात घासताना रक्त आलं, तेव्हा ब्रश बदलला. असं प्रत्येक गोष्टीला एक कारण देत मी हंगाम काढला.

शेवटी पोतं ओढताना खाली बसले आणि उठता येईना, तेव्हा रक्त तपासलं. लॅबवाल्याने रिपोर्ट हातात दिला नाही, डॉक्टरांकडे पाठवला. डॉक्टरांनी बेळगावची चिठ्ठी दिली आणि आजच जा म्हणाले. तवंदीचा घाट चढताना ह्यांनी दोनदा विचारलं, गाडी थांबवू का. मी म्हटलं, नको, संकेश्वरात चहा घेऊ. चहा घेतला नाही.

बेळगावच्या दवाखान्यात कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला. दुसऱ्या दिवशी हे खाली पैसे भरायला गेले असताना डॉक्टर आले आणि माझ्यासमोरच नर्सशी कानडीत बोलले. कुठला कॅन्सर, किती पसरलाय, घरच्यांना बोलवा, बाईंना एवढ्यात सांगू नका. मला कानडी कळतं. माझं निम्मं गिऱ्हाईक कानडी आहे. पण निपाणीची मराठी बाई म्हणून त्यांनी धरून चाललं असेल. मी त्यांना अडवलं नाही. हे वर येईपर्यंत ती गोष्ट एकटी माझी होती. त्या वेळात मी काही केलं असेल, तर डंकाच्या किल्ल्या कुणाकडे द्यायच्या ते ठरवलं. रडू आलं नाही. ते पुढे आलं, भलत्याच कारणाने.

*

माझी नणंद कंग्राळीला दिलेली. ह्यांच्यापेक्षा मोठी. हे तिला आक्का म्हणतात, मी वन्सं म्हणते. शेत, दोन म्हशी, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर रस्त्यावरची माणसं थांबावीत. मी दवाखान्यात पडले त्या दिवसापासून डबा वन्संचा. सकाळी म्हशींचं आवरून बसने यायची, डबा ठेवायची, मी चार घास खाईपर्यंत समोर बसायची. ओकारी आली तर भांडं धरायची. नर्सच्याही आधी.

वन्संचा एक नियम होता. ओळखीतलं माणूस आजारी पडलं की बघायला जायचं. रिकाम्या हाताने जायचं नाही, उंबऱ्यावरून परत फिरायचं नाही, खाटेवर टेकून हात हातात घ्यायचा. हा नियम एकट्या वन्संचा नाही, आमच्या सगळ्यांचाच आहे. मी स्वतः अशी कितीजणांकडे गेलेय. आता ती सगळी माझ्याकडे येऊ लागली. निपाणीची गल्ली, संकेश्वरचे पाहुणे, कंग्राळीची निम्मी भावकी. बिस्किटाचे पुडे, मोसंबी, शहाळी. प्रत्येकजण मला सुरुवातीपासून सगळं सांगायला लावायचा. एक गृहस्थ उशाला बसून म्हणाले, "आमच्या शेजारच्यास्नी ह्योच रोग झालता. लई चांगला माणूस हुता बघा." मग त्यांच्या बायकोने त्यांना कोपराने ढोसलं.

माझ्या पलीकडच्या खाटेवर कणकुंबीकडच्या एक बाई होत्या. शांत बाई. आजार तोच. त्यांच्याकडे लांबून, जंगलातून एक गाडी करून माणसं यायची, म्हणून आली की सगळी एकदम यायची. लहान मुलं, म्हातारी, गावच्या झऱ्याचं पाणी बाटलीत भरून. नर्स ओरडायची, ती बाहेर जायची, नर्स गेली की पुन्हा आत. उपचारांनी अंगातल्या चांगल्या पेशी उतरतात आणि त्या काळात साधा सर्दी-तापही झेपत नाही, हे आम्हा दोघींना सांगितलेलं होतं. त्यांना ताप आला. कशाने आला ते कुणी सांगू शकत नाही. एका दुपारी त्यांना वरच्या मजल्यावर आयसीयूत नेलं आणि संध्याकाळी आयाने त्यांच्या खाटेची चादर बदलली. उशाशी ती बाटली तशीच होती. मी तिकडे पाठ करून झोपले.

*

उपचारांचा पहिला फेरा संपवून मी निपाणीला आले. मागची खोली रिकामी केली. पडदे काढले, कुंड्या हलवल्या, खिडकीला जाळी बसवली. मुलगा पुण्याला नोकरीला, तो येऊन रंग लावून गेला. एवढं झाल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी भिंतीवरून बारक्या काळ्या मुंग्यांची रांग माझ्या खाटेपर्यंत आली.

फवारा मारायचा नाही, खडू ओढायचा नाही, असं बजावलेलं होतं. मी फोनवर शोधत बसले. शोधता शोधता एका ग्रुपमध्ये शिरले. नावात मुंग्या होत्या, सभासद बरेच होते, मला वाटलं ह्यांना माहीत असणार. फार न वाचता मी मराठीत लिहिलं: घरात मुंग्या झाल्यात, पेशंटच्या खोलीत चालेल असं मारायचं औषध सांगा.

मग मी वरचं वाचलं. कुणी मुंग्यांना काचेचं घर बांधलेलं. कुणाच्या राणीला वर्ष झालं म्हणून अभिनंदन चाललेलं. एकाने आपल्या मुंग्यांच्या जेवणाचा फोटो टाकलेला, झुरळाची तंगडी. मुंग्या हौसेने पाळणाऱ्यांच्या दारात जाऊन मी मुंग्या मारायचं औषध मागितलं होतं. फोन उलटा ठेवून दिला.

थोड्या वेळाने पाहिलं तर उत्तर आलेलं. हुबळीच्या शिवानंद नावाच्या माणसाने लिहिलं होतं. बँकेत काम करतो, हे पुढे कळलं. "नमस्कार मॅडम. एक फोटो टाकता का? त्या कशाला येतात ते आधी बघू." फोटो टाकला. रांग कुठे संपते ते बघा म्हणाला. ती माझ्या औषधाच्या गोड बाटलीच्या बुडाशी संपत होती. फोंड्याला बेकरी चालवणाऱ्या मिशेल नावाच्या बाईने लिहिलं, "बाटली ताटलीत पाणी घालून त्यात ठेव बाय, आणि रांग साबणाच्या पाण्याने पुसून काढ. माझ्या बेकरीत मी हेच करते." मग एक हसरं तोंड, आणि "मारायला लागत नाहीत, त्यांचा रस्ता पुसला की झालं."

दुसऱ्या दिवशी मुंग्या नव्हत्या. मी आभार मानले आणि बाहेर पडणार होते. शिवानंदने विचारलं, "पेशंट कोण आहे मॅडम?" मी लिहिलं, "मीच." त्यावर कुणी हात जोडले नाहीत, पपईच्या पानांचा रस सांगितला नाही, लढा म्हटलं नाही. मिशेलने एवढंच लिहिलं: "मग खोलीत बसून कंटाळत असशील. राहा इथे. आमचं बघत बस."

राहिले.

*

ताप आला तो दुसऱ्या फेऱ्यानंतर. पेशी उतरलेल्या होत्या. वन्सं नाचणीची आंबील घेऊन कंग्राळीहून आली. नाक लाल, घसा बसलेला. ह्यांनी दारातच म्हटलं की आक्का, तुला सर्दी झालीय, बाहेरच बस. ती म्हणाली, सर्दी व्हय ही? धूर गेलाय नाकात. आणि आत येऊन नेहमीसारखी खाटेवर टेकली. हात धरला. तिच्या हातचं खाऊन मी पहिला फेरा काढला होता. तिला उठ म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी दात वाजायला लागले. अंगावर तीन रजया घेऊनही खाट हलत होती. बेळगावला पोचेपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. मधे काकतीजवळ कुठेतरी ह्यांचा आवाज ऐकला, ते ड्रायव्हरला कानडीत विनवत होते. पुढचे बरेच दिवस मी नव्हतेच म्हटलं तरी चालेल. ह्यांचे केस त्या दिवसांत पांढरे झाले, हे मी शुद्धीवर आल्यावर पाहिलं. डॉक्टरांनी ह्यांना बाहेर नेऊन सांगितलं की असं पुन्हा झालं तर बाई हाती लागायच्या नाहीत. पुढचे फेरे तर दिलेच पाहिजेत, आणि प्रत्येक फेऱ्यात पेशी उतरणारच. म्हणजे प्रत्येक वेळी तेच दार आणि तीच माणसं.

हे परत येऊन स्टुलावर बसले. मला सांगितलं नाही. मला कळलं, कारण ते माझ्याकडे न बघता वन्संच्या डब्याकडे बघत होते.

फोन हातात घेण्याएवढी ताकद आली तेव्हा ग्रुप उघडला. कुणीतरी माझी चौकशी केलेली, मिशेलने लिहिलेलं, "ती लिहील तेव्हा लिहील, विचारू नका." खाली रोज काही ना काही माझ्या नावाने टाकलेलं होतं. "सुरेखाबायसाठी": पानाची घडी घालून शिवणाऱ्या तांबड्या मुंग्या. "मॅडमसाठी": शिवानंदच्या मुंग्या एका शेंगदाण्याच्या तुकड्यावर रुसून बसलेल्या. मला त्याची कुणाला परतफेड करायची नव्हती, कुणाला बसायला सांगायचं नव्हतं, माझा चेहरा नीट दिसतोय का बघायचं नव्हतं. हे भेटणं मला झेपत होतं.

*

पावसाळ्यात एका संध्याकाळी खिडकीच्या जाळीवर पंखवाले मुंगळे जमले. सकाळी ह्यांना बाहेरच्या कट्ट्यावर एक मोठी मादी सापडली, पंख गळालेली. मी ग्रुपवर फोटो टाकला. ती राणी होती. मातीला हात लावायची मला बंदी, हे त्यांना ठाऊक होतं. शिवानंदने सांगितलं की मातीची गरजच नाही. काचेची परीक्षानळी घ्या, तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, आणि तोंडाला पुन्हा कापूस. लाल कागद गुंडाळून अंधारात ठेवा. झालं.

मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले. नळी पेशंटच्या खोलीत नको, पेशंटने हात लावायचा नाही, बाकी काय वाट्टेल ते पाळा म्हणाले. ह्यांनी शाळेला सामान पुरवणाऱ्या दुकानातून नळ्या आणल्या.

नळीत गेल्यावर राणी काही खात नाही. पंख गळाल्यावर उडण्याचं जे मांस अंगात राहतं त्यावर ती जगते आणि त्यावरच पहिली पोरं वाढवते. पहिल्या मुंग्या बाहेर येईपर्यंत तिला खायला द्यायचं नाही, हलवायचं नाही, उघडून बघायचं नाही. बघायचंच तर आठवड्यातून एकदा, तेही पटकन. हे मला तिघांनी निरनिराळ्या शब्दांत सांगितलं. आणि मी, जिच्या घरातून पोस्टमनही चहाशिवाय गेलेला नाही, तिसऱ्याच दिवशी ह्यांना साखरपाण्याचा थेंब घालायला लावला. वर रोज संध्याकाळी दार किलकिलं करून "दाखवा" म्हणायची. तिने घातलेली अंडी एक दिवस दिसेनाशी झाली. तिने खाल्ली होती. भ्यायली की खातात. मग कापसाला बुरशी धरली आणि राणी मेली.

मी ते कळवलं. वाटलं, आता तरी बोलतील. मिशेलने लिहिलं, "माझ्या पहिल्या तीन मी अशाच मारल्या. बेकरीवाली ना, उपाशी बघवत नाही." शिवानंद म्हणाला, "मॅडम, इथं एकही माणूस नाही ज्यानं पहिली राणी बघून बघून मारली नाही. दुसरी येईल. कट्ट्यावर लक्ष ठेवायला सांगा."

दुसरी आली. ह्यांनी ती नळी लाल कागदात गुंडाळून चष्म्याच्या डबीत, पुढच्या सोप्यातल्या फडताळात ठेवली. फक्त रविवारी बघायचं ठरलं. मला ते जड गेलं. पण आपल्याला माया आली की आपण आधी दार उघडतो, हे तोवर मला कळलं होतं.

*

तिसऱ्या फेऱ्याहून घरी आले आणि पेशी उतरायला लागल्या तशी वन्सं आली. तापाचं कारण तिच्या कानावर कुणी घातलेलं नव्हतं. ह्यांना बहिणीसमोर ते जमलं नव्हतं. मी मागच्या खोलीत, मधलं दार बंद. सोप्यातलं सगळं ऐकू येत होतं.

"आक्का, आत जाऊ नको."

"का? मी काय परकी हाय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. पेशी कमी झाल्यात."

"डाक्टरला भैण न्हाय व्हय?"

पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. वन्सं बोलत सुटली. हिला मी पोटच्या पोरीगत बघितलं, डबं वाहिलं, घाण काढली, आता मला उंबऱ्यावर उभी करतोस. त्यात खोटं काही नव्हतं. मी खाटेवर बसून मधल्या दाराच्या कडीकडे बघत होते. ह्यांची पावलं दाराशी आली. कडीला हात लागला. मला माझा नवरा ठाऊक आहे, त्याने उघडलंच असतं. आणि मी, तापातून नुकती उठलेली, नको असं ओरडणार होते की नाही, हे आजही मला सांगता येत नाही.

तेवढ्यात फडताळाचं दार कुरकुरलं. रागात असली की वन्सं हाताला लागेल ते उचलते.

"त्याला हात लावू नको!" हे ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बहिणीवर ओरडले.

"सोनं हाय व्हय त्यात?"

मग ह्यांनी तिला सांगितलं. पेशींबद्दल ज्याला एक वाक्य धड बोलता येत नव्हतं तो माणूस मुंगीबद्दल सरळ बोलत गेला. आत राणी हाय. एकटीच. पंख गाळून आत बसलीय. काय खात न्हाय, अंगातलंच झिजवून पोरं वाढवायलीय. कुणी उघडून बघितलं, उजेड गेला, धक्का बसला, की बिथरतीय आणि स्वतःचीच अंडी खातीय. एक मेली. आम्हीच मारली, बघून बघून.

फडताळाचं दार हळूच लागल्याचा आवाज आला.

"म्हणजे बाळंतीण हाय ती," वन्सं म्हणाली.

"व्हय."

"मग बाळंतिणीच्या खोलीत कोण उठसूट जातंय?"

आमच्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे सव्वा महिना बंद. बाहेरून आलेल्याने पाय धुवायचे, निखाऱ्यावर शेकायचे, आणि तरी उंबऱ्याच्या आत यायचं नाही. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. वन्संने अशा किती खोल्या राखल्या असतील.

"आणि ही?" तिने विचारलं. माझ्या दाराकडे हात केला असणार.

"हिचंबी तसंच हाय, आक्का. अंगात काय ऱ्हायलेलं न्हाय. बाहेरचं काय गेलं की संपलं. मागच्या वेळचा ताप..."

वन्संला ते कळलं. खुर्ची वाजली. मग घसा खाकरून म्हणाली, "मग ह्ये आधी सांगाया नगं? पेशी, पेशी काय लावलाईस?"

तेव्हा मला रडू आलं. आजार कळल्यापासून पहिल्यांदा.

*

त्या फेऱ्यापासून माझ्या पेशी उतरल्या की वन्सं म्हशी जावेवर सोपवून निपाणीला येऊन राहू लागली. आत नाही. बाहेरच्या कट्ट्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीत. बघायला येणारा प्रत्येकजण तिथून परत गेला. कुणाला पेशी सांगायच्या भानगडीत ती पडली नाही. "आत बाळंतीण हाय, येऊ नका," एवढंच म्हणायची. पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या घरापुढे हे ऐकून माणसं चक्रावून जायची. वखारीत ह्यांना एकाने बाजूला घेऊन विचारलं, "पेढे कधी?"

ती माझ्याशी खिडकीच्या जाळीतून बोलायची, तोंडाला पदर धरून. तिने ग्रुपबद्दल विचारलं. कुठली माणसं? मी सांगितलं, एक हुबळीचा, एक फोंड्याची, बाकी ठाऊक नाहीत.

"आणि एकबी तुला बघाया आलं न्हाय?"

"न्हाय."

"शाणी हाईत," वन्सं म्हणाली.

रोज सकाळी ती आधी माझं विचारायची, मग राणीचं. रविवारी हे डबी उघडून डोकावले की ती खुर्चीच्या कडेला सरकायची, पण स्वतः कधी बघितलं नाही. "पोरं झाली की आधी मला सांगायचं," तिने ह्यांना बजावलं होतं.

*

शेवटचा फेरा झाला. पेशी उतरल्या. सुगी आली होती म्हणून वन्सं चार दिवसांसाठी कंग्राळीला गेली. दुसऱ्याच सकाळी शेतात छातीत दुखलं. रस्त्यापर्यंत आणली, गाडी येईपर्यंत संपली होती.

ह्यांनी मला जाळीतून सांगितलं. मी उठले, चपला शोधल्या. चपला खोलीत नव्हत्या, त्यांनाही आत बंदी होती. मी म्हटलं, गाडीतूनच बघते, काच खाली करणार नाही. आमच्याकडे शेवटचं तोंड बघायला शत्रूही जातो.

"सुरेखा, न्हाय," हे म्हणाले. "तू तिथं दिसली असतीस तर तिनं मला मारलं असतं."

ते गेले. मी राहिले. माझ्यासाठी जिने सगळ्यांना दारातून परत पाठवलं, तिच्या दारात मी पोचले नाही. कंग्राळीत त्यावर बोललं गेलं. अजून बोललं जातं. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते ज्याला कळावं असं त्या घरातलं एकच माणूस होतं.

ह्यांनी परत येऊन बाहेर अंघोळ केली आणि सोप्यात झोपले. पुढचे दिवस आम्ही एका घरात, दाराच्या दोन बाजूंना, एकाच माणसाचं सुतक पाळलं.

मी ग्रुपवर लिहिलं, "माझी नणंद वारली. मला जाता आलं नाही." त्यांना वन्सं ठाऊक होती, खुर्चीसकट. शिवानंदने लिहिलं, "आज कुणी काही बोलू नका. मॅडमजवळ बसा." मग फोटो येत गेले. उघड्या मुंग्यांचा एकही नाही. लाल कागदात गुंडाळलेली नळी. मोज्यात घातलेली नळी. बंद खण. कापड टाकलेलं खोकं. बेकरीच्या मागच्या अंधाऱ्या फळीवरचा पत्र्याचा डबा. ज्याच्या त्याच्या घरातलं बंद दार. दिवसभर येत होते. आमच्याकडे मयताच्या घरी माणसं येऊन न बोलता बसतात, तसंच ते होतं.

त्या रविवारी हे जाळीशी आले. हातात डबी होती.

"झाल्यात," म्हणाले. "बारक्या बारक्या. चार-पाच दिसत्यात." आणि तिथेच उभे राहिले. कुणाला आधी सांगायचं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

*

डंकावर आता कामाला बाई ठेवलीय. मिरचीच्या धुळीत मला अजून बसता येत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. तवंदीचा घाट चढताना हे अजून विचारतात, गाडी थांबवू का. मुंग्या वाढल्यात, नळी पुरेनाशी झाली म्हणून मिशेलने सांगितलं तसं काचेचं खोकं केलंय. प्लास्टिकची खुर्ची कट्ट्यावरून हलवलेली नाही. आलेली माणसं तिच्यावर बसत नाहीत. आम्ही कुणी सांगितलेलं नाही.

काल ग्रुपवर कुणी नवा माणूस आला. न वाचताच लिहिलं होतं: घरात लई मुंग्या झाल्यात, मारायचं औषध सांगा. मी बाकीच्यांची वाट बघितली नाही.

"नमस्कार," मी लिहिलं. "एक फोटो टाका. त्या कशाला येतात ते आधी बघू."